ठोशाच्या जोराचें स्तोम

मुष्टियुद्धाचे शौकीन जेथें चार जमतात तेथें एक वाद हटकून निघतो. हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड गटाच्या जुन्या योद्ध्यांपैकीं सर्वांत जबरदस्त ठोसा कोणाचा? कोणी जॅक डेम्प्सीचें नांव घेतो, कोणी जो लुईचें, कोणी रॉकी मार्सियानोचें, तर कोणी जॉर्ज फोरमनचें. आणि प्रत्येकाजवळ आपल्या दैवताच्या चमत्कारांची पोथी तयार असते. हा वाद म्हणजे फावल्या वेळची निरुपद्रवी करमणूक आहे, असें वरवर पाहणारास वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. जी वस्तु एकट्या माणसाच्या मुठींत नसतेच ती तेथें आहे असें धरून तिची क्रमवारी लावणें, हा बुद्धीचा प्रमाद झाला. परंतु जिचा हिशेब शेवटीं दुसऱ्याच्या मेंदूंत लिहिला जातो, तिचें स्तोम माजविणें हा विवेकाचा प्रमाद आहे, व तो पहिल्याहून मोठा आहे. दोहोंचाही येथें क्रमानें विचार करूं.

प्रथम आकड्यांची गोष्ट घेऊं. कारण आकडा दिसला कीं वाद संपला, असें मानण्याची आजकाल चालच पडली आहे. मार्सियानो हा १९५२ ते १९५६ पर्यंत जगज्जेता होता. तो ४९ झुंजी खेळला, ४९ जिंकला, व त्यांपैकीं ४३ त्यानें ठरलेल्या फेऱ्या पुऱ्या होण्यापूर्वींच संपविल्या. १९६३ सालीं एका अमेरिकन मासिकानें असें छापलें कीं, त्याच्या ठोशांत चिलखत भेदणाऱ्या गोळीहून अधिक ऊर्जा असते, व तेवढ्या ऊर्जेनें १,००० पौंडांचें ओझें एक फूट उचलतां येईल. हें विधान तेव्हांपासून मंत्रासारखें घोकलें जात आहे. शाळेंतील पदार्थविज्ञानाच्या आधारेंही त्याची परीक्षा करतां येते. हजार पौंड एक फूट उचलण्यास सुमारें १,३५६ ज्यूल ऊर्जा लागते. पूर्ण शक्तीच्या लष्करी रायफलीच्या गोळींत ती ३,००० ज्यूलहून अधिक असते. म्हणजे एकाच विधानाचा उत्तरार्ध पूर्वार्धाला खोटें पाडतो!

पुढें १९८५ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें फ्रँक ब्रूनो या ब्रिटिश हेवीवेट योद्ध्याच्या ठोशाचें प्रत्यक्ष मापन प्रसिद्ध झालें. त्याची मूठ सेकंदाला सुमारें ९ मीटर वेगानें आली, व आघाताचें बल ४,०९६ न्यूटनपर्यंत, म्हणजे सुमारें ४०० किलोंच्या भाराइतकें चढलें. संशोधकांनीं या ठोशाची तुलना ताशीं २० मैल वेगानें येणाऱ्या, गादी लावलेल्या ६ किलोंच्या लांकडी हातोड्याशीं केली. अशा हातोड्याची ऊर्जा २४० ज्यूलच्या आसपास भरते. ब्रूनोहून पुष्कळ हलका असलेला मार्सियानो याच्या साडेपांचपट ऊर्जेनें मारीत होता, असें ज्यांस मानावयाचें असेल त्यांनीं खुशाल मानावें. मात्र त्या समजुतीला विज्ञानाचें नांव देऊं नये. शिवाय गोळीची उपमाच मुळांत चुकीची आहे. गोळी हलकी व अतिवेगवान, म्हणून ती आंत शिरते. मूठ जड व मंद, म्हणून ती डोक्याला हिसका देते. त्या हातोड्याचा संवेग गोळीच्या सुमारें सहापट असतो, आणि मेंदूला इजा होते ती या हिसक्यानें. ज्या तुलनेनें ठोशाचा गौरव करावयाचा तिनें ठोशाचें खरें स्वरूपच झांकून टाकावें, हा विनोद लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

यावर प्रतिपक्षी म्हणेल, "आकडे राहूं द्या, फळावरून झाडाची पारख करा. कोणी किती पाडले तें पाहा." ठीक आहे, पाहूं. ४ जुलै १९१९ रोजीं टोलेडो येथें १८७ पौंडांच्या डेम्प्सीनें २४५ पौंडांच्या जेस विलर्डला पहिल्याच फेरींत सात वेळां खालीं पाडलें, आणि तिसऱ्या फेरीनंतर विलर्ड पुढें येऊंच शकला नाहीं. हा पराक्रम मोठा, यांत शंका नाहीं. परंतु त्या दिवशीं डेम्प्सी पडलेल्या माणसाच्या उशाशीं उभा राहत होता, आणि त्याचे गुडघे जमिनीवरून सुटतांच पुन्हां मारीत होता. पुढें पाडणाऱ्यानें दूरच्या कोपऱ्यांत जाऊन उभें राहावें असा नियम अमलांत आला. २२ सप्टेंबर १९२७ रोजीं शिकागो येथें डेम्प्सीनें जीन टनीला सातव्या फेरींत पाडलें, पण संवयीप्रमाणें तो तेथेंच घुटमळला. पंचानें मोजणी उशिरां सुरू केली, टनीला सुमारें १४ सेकंद मिळाले, तो उठला आणि दहा फेऱ्यांअखेर गुणांवर विजयी झाला. डेम्प्सीचें वय आठ वर्षांनीं वाढलें होतें, हें खरें. तरी सात वेळां पाडण्याच्या कीर्तींत मुठीचा वांटा किती व नियमाचा किती, हें त्याच्या भक्तांनीं कधीं वेगळें करून पाहिलें आहे काय?

आतां जाणकारांची साक्ष घेऊं. अमेरिकेंतील 'द रिंग' या प्रसिद्ध मासिकानें २००३ सालीं सर्वकालीन शंभर ठोसेबहाद्दरांची यादी छापली. पहिला लुई, दुसरा सॅम लँगफोर्ड, आणि तिसरा कोण? वेल्सचा जिमी वाइल्ड, ज्याचें वजन १०८ पौंडांच्याही आंत असे! म्हणजे जाणकार जेव्हां ठोशाचा जोर म्हणतात तेव्हां त्यांच्या मनांत बलाचें माप नसतेंच. नेम, वेळ, पावलांची ठेवण आणि प्रतिस्पर्ध्याची गाफिली हीं सारीं त्यांत मिसळलेलीं असतात. १७ मार्च १८९७ रोजीं कार्सन सिटी येथें १६७ पौंडांच्या बॉब फिट्झसिमन्सनें आपल्याहून जड अशा जगज्जेत्या जेम्स कॉर्बेटला चौदाव्या फेरींत पोटावरील एका ठोशानें खालीं बसविलें. तो ठोसा प्रचंड म्हणून नव्हे, तर नेमक्या मर्मावर बसला म्हणून इतिहासांत राहिला. आमच्याकडील तालमींतसुद्धां नुसत्या अंगबळाच्या मल्लाला कोणी मोठा म्हणत नाहीं. डाव कोणता टाकला व कोणत्या क्षणीं टाकला, हें अगोदर विचारतात.

लुईचेंच उदाहरण घ्या. २२ जून १९३८ रोजीं त्यानें मॅक्स श्मेलिंगला १२४ सेकंदांत निकालांत काढलें. पण दोनच वर्षांपूर्वीं, १९ जून १९३६ रोजीं, याच श्मेलिंगनें लुईला बाराव्या फेरींत गारद केलें होतें. त्या दिवशीं लुईची मूठ दुबळी होती काय? नाहीं. डाव्या हाताचा ठोसा मारल्यावर लुई तो हात खालीं सोडतो, एवढें श्मेलिंगनें हेरलें होतें. फोरमनची कथाही अशीच आहे. २२ जानेवारी १९७३ रोजीं किंग्स्टन येथें दोन फेऱ्यांत जो फ्रेझरला सहा वेळां पाडणारा तोच फोरमन ३० ऑक्टोबर १९७४ रोजीं किन्शासा येथें महंमद अलीपुढें आठव्या फेरींत कोसळला. आणि ज्याच्या ठोशाच्या आख्यायिका सर्वांत अधिक, तो अर्नी शेव्हर्स कधींच जगज्जेता झाला नाहीं. १९७७ सालीं अली त्याच्यापुढें पंधरा फेऱ्या उभा राहून जिंकला. तेव्हां जोर मुठींत राहतो असें म्हणण्यापेक्षां तो दोन देहांच्या गांठींत उत्पन्न होतो, असें म्हणणें अधिक सयुक्तिक होईल.

येथवर हा वाद केवळ बुद्धीचा होता. यापुढील गोष्ट गंभीर आहे. मॅक्स बेअरच्या उजव्या हाताची जी भीतियुक्त कीर्ति आहे, तिच्या पायाशीं दोन माणसें पडलेलीं आहेत. ऑगस्ट १९३० मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथें त्याच्याशीं लढून फ्रँकी कँपबेल मरण पावला. ऑगस्ट १९३२ मध्यें अर्नी शाफ हा बेअरचा मार खाऊन बेशुद्ध पडला. हाच शाफ १० फेब्रुवारी १९३३ रोजीं न्यूयॉर्क येथें प्रिमो कार्नेरापुढें तेराव्या फेरींत एका साध्या दिसणाऱ्या ठोशानें पडला. प्रेक्षक लुच्चेगिरी म्हणून ओरडले, आणि चार दिवसांनीं तो मेला. थोड्याच दिवसांपूर्वीं त्याला इन्फ्लुएंझा होऊन गेला होता, व शवचिकित्सेंत मेंदूच्या आवरणाची सूज आढळली. आतां क्रमवारी लावणारांस आम्ही विचारतों, हा मृत्यु कोणाच्या खात्यांत घालणार? बेअरच्या, कार्नेराच्या, कीं त्या आजारी माणसास रिंगणांत चढविणारांच्या? कोणी बेअरच्या खात्यांत घालतो, आणि तेवढ्यानें त्याचा क्रमांक वर सरकतो! मनुष्याचा मृत्यु हा दुसऱ्याच्या गुणपत्रिकेंतील गुण व्हावा, याहून हीन हिशेब कोणता?

१९२८ सालीं न्यू जर्सींतील डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनीं मुष्टियोद्ध्यांच्या झिंगल्यासारख्या चालीचें व मंद होत जाणाऱ्या बुद्धीचें वर्णन प्रसिद्ध केलें. सरावाच्या वेळीं इतरांचा मार खाण्यासाठीं ठेवलेल्या दुय्यम योद्ध्यांत ही विकृति विशेष दिसते, असें त्यांनीं नमूद केलें. १९७३ सालीं डॉ. कॉर्सेलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १५ निवृत्त योद्ध्यांचे मेंदू तपासून झालेल्या हानीचें स्वरूप दाखवून दिलें. म्हणजे त्या जबरदस्त मुठी ज्यांच्यावर घडविल्या गेल्या त्यांचीं नांवें कोणत्याच यादींत नाहींत. आणि ज्यांचीं आहेत त्यांचें तरी काय झालें? डिसेंबर १९७३ मध्यें त्या भयंकर शेव्हर्सला पहिल्याच फेरींत संपविणारा जेरी क्वारी १९९९ सालीं, अवघ्या ५३ व्या वर्षीं, मुष्टियुद्धानें आलेल्या स्मृतिभ्रंशानें गेला.

मग या खेळाचें कौतुकच करूं नये काय? आम्ही इतके सोंवळे नाहीं. श्मेलिंगची नजर, फिट्झसिमन्सचा नेम, पडून उठलेल्या टनीचें धैर्य हीं कौतुकास पात्रच आहेत, आणि त्यांचें कौतुक करण्यास कोणाचेंही डोकें फुटलेलें असावें लागत नाहीं. आमची तक्रार एवढीच कीं, सुशिक्षित घरांत वडील माणसें मुलांस जुन्या झुंजींचे चित्रपट दाखवितात तेव्हां बोट नेहमीं उभ्या राहिलेल्या माणसाकडे असतें. पुढच्या खेपेस कोणाचा ठोसा सर्वांत जबर, हा प्रश्न निघाला तर त्याच्या जोडीस दुसरा एक प्रश्न अवश्य विचारावा: तो ठोसा कोणी खाल्ला, आणि पुढें त्याचें काय झालें? या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर ज्यास ठाऊक नाहीं, त्यास पहिल्या प्रश्नावर मत देण्याचा अधिकार आहे, असें आम्ही मानीत नाहीं.