ओठावरचा पेइंग गेस्ट

आमच्या ऑफिसला दोन मेडिकल स्टोअर्स आहेत. एक खाली लॉबीच्या बाजूला आणि दुसरं माझ्या डेस्कच्या तिसऱ्या ड्रॉवरमध्ये. डोकं धरलंय? ड्रॉवर. कॅन्टीनची पावभाजी बाधली? ड्रॉवर. पाळीत पोटात कळा? अर्थातच ड्रॉवर. दर महिन्याला पाच-सहा जणी तरी येऊन कुजबुजतात, ‘अगं, ती पोटाची गोळी आहे का?’ गोळीचं नाव कुणालाच माहीत नसतं. ती गुलाबी पाकिटातली, ती लांबट, ती मागच्या वेळी दिली होतीस ती. खरं सांगते, मलाही माहीत नव्हतं. सगळी गोची तिथेच झाली.

सुरुवात एका साध्या चुरचुरण्यापासून झाली. रात्री जेवताना खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात आग व्हायला लागली. सकाळी आरशात बघते तर वाटाण्याएवढा गोल, लालसर-जांभळा डाग! चार-पाच दिवसांत आग गेली, लाली गेली. मागे राहिला एक तपकिरी ठिपका. मी म्हटलं, चला, संपलं. पुढच्या महिन्यात पाहुणे पुन्हा हजर. तीच जागा, तोच आकार, फक्त रंग जरा जास्त गडद. अगदी पेइंग गेस्टसारखा, महिन्याच्या महिन्याला.

मग सल्ल्यांचा पाऊस. आईने फोनवरच निदान केलं, ‘उष्णता आहे. गुलकंद खा आणि ती जागरणं बंद कर.’ मैत्रिणीचा संशय लिपस्टिकवर, म्हणून साडेसातशे रुपयांची लिपस्टिक कचऱ्यात गेली. शेजारच्या क्युबिकलमधल्या महाशयांनी भुवया उंचावून विचारलं, ‘वीकएंडला कुठे होतीस?’ तेव्हा हसले, पण क्लायंट मीटिंगच्या आधी वॉशरूममध्ये दहा-दहा मिनिटं कन्सीलर थापताना हसू येत नव्हतं. खालच्या केमिस्टकडून कुणाला न विचारता एक ट्यूबही आणली. त्यात स्टिरॉइड होतं हे खूप उशिरा कळलं.

चौथ्या महिन्यात कॅलेंडर उघडून बसले आणि ट्यूब पेटली (दिव्याची, मलमाची नव्हे!). डाग दर वेळी पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी येतोय. म्हणजे हार्मोन्स! मी स्वतःवर जाम खूश. त्याच महिन्यात मनगटावर दुसरा डाग उगवला आणि मग मात्र मी मुकाट्याने स्किनच्या डॉक्टरांकडे गेले.

‘कोणती औषधं चालू आहेत?’ बाईंनी विचारलं.

‘काहीच नाही.’

‘पाळीत पोट दुखतं?’

‘हो, खूप.’

‘मग काय करता?’

‘गोळी घेते.’

बाईंनी पेन खाली ठेवलं. ‘आत्ता तर म्हणालात, काहीच नाही.’

कारण पोटदुखीची गोळी आपल्या हिशेबी औषध नसतेच ना! औषध म्हणजे आजोबांचं बीपीचं. मी पर्समधून पाकीट काढलं. पाकीट कसलं, केमिस्टने कात्रीने कापून दिलेला चार गोळ्यांचा तुकडा. नाव दुसऱ्या तुकड्यावर, म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या तरी पर्समध्ये. ऑफिसात फोन करून ड्रॉवरमधल्या अख्ख्या पट्टीचा फोटो मागवला. मेफेनॅमिक ॲसिड आणि डायसायक्लोमिन. बाई म्हणाल्या, ‘डाग पाळीचा नाही. पाळीच्या गोळीचा आहे. दोघांतलं मेफेनॅमिक ॲसिड जास्त संशयित.’

या प्रकाराला म्हणतात फिक्स्ड ड्रग इरप्शन. फिक्स्ड अशासाठी, की औषध पुन्हा पोटात गेलं की डाग ठरलेल्या जागीच उठतो, साधारण काही तासांत. पहिल्या वेळी आपल्या प्रतिकारशक्तीच्या काही पेशी, टी सेल्स, त्या जागी येतात, भांडतात आणि भांडण मिटलं तरी घरी जात नाहीत. तिथेच तळ ठोकतात. पुढच्या वेळी ते औषध आलं की या जाग्या होतात आणि आपल्याच त्वचेच्या पेशींवर तुटून पडतात. दर फेरीला रंग गडद होतो, कधी नवे डाग येतात, कधी फोड. दुखण्यावरच्या गोळ्या, सल्फाची औषधं, जुलाबावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या काही अँटिबायोटिक्स, ही नेहमीची नावं.

गंमत म्हणजे हे काही आजचं नाही. फ्रेंच डॉक्टर लुई ब्रॉक यांनी १८९४ मध्ये या डागांना हे नाव दिलं. गुन्हेगार कोण होता? अँटिपायरिन नावाची त्या काळातली ताप-डोकेदुखीची लाडकी गोळी. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्येही कुणीतरी ‘ती डोक्याची गोळी आहे का गं?’ विचारत असणार.

बाईंनी मग एक छोटी परीक्षाच घेतली. नारांजो स्केल म्हणतात तिला, १९८१ पासून वापरात आहे. दहा प्रश्न. त्रास औषधानंतर सुरू झाला का? बंद केल्यावर कमी झाला का? पुन्हा घेतल्यावर परत आला का? प्रत्येक उत्तराचे मार्क. फोनमधले ओठाचे सेल्फी तारखांसकट हजर होतेच. नकळत मी स्वतःवर चार महिने प्रयोग केला होता. भरपूर मार्क पडले. जास्त मार्कांचं वाईट वाटण्याची आयुष्यातली पहिलीच वेळ.

‘मग खात्रीसाठी एकदा परत घेऊन बघू?’ मी हुशारी केली. बाईंचा आवाज बदलला. ‘घरी अजिबात नाही. तशी चाचणी करायची तर हॉस्पिटलमध्ये, आमच्या डोळ्यांसमोर. तुमचा प्रकार सौम्य आहे. सगळे नसतात.’

आणि त्यांनी स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमबद्दल सांगितलं. १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन डॉक्टरांनी दोन लहान मुलांमध्ये पाहिलेला आजार. बहुतेक वेळा कारण एखादं औषध, आणि तेही पहिल्याच दिवशी नाही, साधारण चार दिवस ते चार आठवडे उलटल्यावर. ताप, डोळ्यांची आग, तोंडात फोड आणि मग त्वचा भाजल्यासारखी सुटायला लागते. दुर्मीळ आहे, पण जीवघेणं. अशी लक्षणं दिसली तर ‘सोमवारी दाखवू’ नाही, त्याच तासाला हॉस्पिटल.

मला एकच प्रश्न पडला. हे आधी कळू शकत नाही का? एखादी ब्लड टेस्ट?

‘तुमच्या डागासाठी नाही. पण एका औषधासाठी आहे,’ बाई म्हणाल्या. ते औषध म्हणजे कार्बामॅझेपिन. फिट्ससाठी देतात, चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यासाठीही. तैवानमधल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये या औषधामुळे स्टीव्हन्स-जॉन्सन झालेल्या ४४ रुग्णांची जनुकं तपासली. ४४ पैकी ४४ जणांत एचएलए-बी १५०२ हा एकच जनुकप्रकार सापडला. औषध निर्धास्त पचवणाऱ्या १०१ जणांत फक्त तिघांत. पुढे तिथल्याच २३ हॉस्पिटल्सनी ४,८७७ जणांची औषध सुरू करण्याआधीच टेस्ट केली. ज्यांच्यात तो प्रकार होता त्यांना दुसरं औषध दिलं. जुन्या हिशेबाने दहाएक जणांना हा आजार व्हायला हवा होता. २०११ मध्ये निकाल छापून आला. एकालाही झाला नाही. शून्य!

आपल्याकडेही २००९ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा आठ भारतीय रुग्णांपैकी सहा जणांत तोच जनुकप्रकार होता. आठ म्हणजे फार नाहीत, पण दुर्लक्ष करावं इतके कमीही नाहीत. म्हणून घरात कुणाला हे औषध नव्याने सुरू होत असेल तर डॉक्टरांना टेस्टबद्दल जरूर विचारा. (आधीपासून व्यवस्थित चालू असेल तर घाबरून स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका, फिट येऊ शकते.)

मला या गोष्टीतलं सगळ्यात जास्त काय भिडलं माहितेय? ते ४४ रुग्ण सापडले, कारण त्यांच्या केसपेपरवर औषधाचं नाव होतं. ‘ती पांढरी गोळी’ असं लिहिलेलं असतं तर जनुक शोधायला कुणी कुठून सुरुवात केली असती?

आपल्याकडे औषधांच्या त्रासाची नोंद ठेवायला २०१० पासून एक सरकारी कार्यक्रम आहे, फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया. डॉक्टरच नाही, तुम्ही-आम्हीही कळवू शकतो. फॉर्म मराठीत मिळतो, टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४. अशा नोंदी चाळूनच २०२३ च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशनने एका औषधाबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती. ताप, पुरळ, गाठी आणि लिव्हरपर्यंत पोचणारी ‘ड्रेस’ नावाची गंभीर रिॲक्शन येऊ शकते, लक्ष ठेवा, म्हणून. औषध कोणतं? मेफेनॅमिक ॲसिड. आमच्या ड्रॉवरची हिरॉइन! बहुतेक जणींना या गोळीने काहीही होत नाही, हेही तितकंच खरं. पण ज्या एखादीला होतं, तिला गोळीचं नाव माहीत हवं.

मी माझा फॉर्म भरला. एका ओठाची आणि एका मनगटाची नोंद, फार मोठं काही नाही.

आता पाकिटात आधार कार्डामागे एक चिठ्ठी आहे, ‘मेफेनॅमिक ॲसिड चालत नाही.’ ब्रँडचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही, कारण तेच औषध डझनभर नावांनी मिळतं. केमिस्टकडून पट्टी कापून घेतली तर आधी अख्ख्या पट्टीचा फोटो काढते. सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँड्सवर तर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड सक्तीचा आहे, पाणीपुरीवाल्यासमोर स्कॅन करतो तसाच करायचा. पाळीत सध्या गरम पाण्याची पिशवी आणि बाईंनी लिहून दिलेली दुसरी गोळी. चार महिन्यांत नवा डाग नाही. जुना तपकिरी ठिपका आहे अजून, जायला वेळ लागेल म्हणाल्या.

आणि तिसरा ड्रॉवर? सुट्ट्या गोळ्या सगळ्या फेकल्या. परवा एचआरवाली आली, ‘अगं, ती पोटाची गोळी आहे का?’

म्हटलं, ‘नाव सांग, मग बघू.’

ती दोन मिनिटं तशीच उभी राहिली. मग खुर्ची ओढून बसली आणि हळूच म्हणाली, ‘मला दर वेळी बोटावर एक काळा डाग येतो गं...’