स्कोअरिंग विषय

परवा भाचीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. तिकडे अमेरिकेत तिची पुढच्या सेमिस्टरचे कोर्स निवडायची धांदल चालली होती. तिच्या विद्यापीठात मागच्या वर्षांत कोणत्या कोर्सला किती जणांना ए मिळाला, किती जणांना सी, याचे तक्ते सगळ्यांना बघायला मिळतात. हिला घ्यायचं होतं स्टॅटिस्टिक्स. तिथे सी आणि डीची गर्दी दिसली म्हणून बाईसाहेबांनी भलताच कुठलातरी कोर्स निवडला.

मी लगेच उपदेशाचा डोस पाजायला लागले. "अगं, शिकायला गेलीयेस ना?"

"मावशी, जीपीए घसरला तर स्कॉलरशिप जाईल. मग फी तू भरणारेस?"

गप्प बसले. आणि खरं सांगू का, दहावीला शंभर मार्कांचं संस्कृत मी तरी काय कालिदासाच्या ओढीने घेतलं होतं? स्कोअरिंग म्हणून घेतलं. मार्क भरघोस पडले. आज सुभाषितापलीकडे एक ओळ लागत नाही.

कॉर्नेल विद्यापीठाने 1998 पासून प्रत्येक कोर्सची मीडियन ग्रेड वेबवर टाकायला सुरुवात केली. हेतू चांगलाच होता. कठीण कोर्समधल्या बी ची किंमत लोकांना कळावी, म्हणजे मुलं असे कोर्स घ्यायला कचरणार नाहीत. झालं उलटंच! 2009 साली छापून आलेल्या अभ्यासात दिसलं की मुलं सढळ हाताने ग्रेड देणाऱ्या कोर्सकडे जास्त वळली. 2011 मध्ये विद्यापीठाने हे आकडे वेबवर देणं थांबवलं.

मला मात्र तक्ते लपवणं पटत नाही. लपवले तरी सीनियर मुलं कॅन्टीनमध्ये सांगतातच, आणि ज्याची ओळख नाही तो बिचारा अडकतो. फक्त ते वाचता यायला हवेत. ए कितीजणांना मिळाला ते तक्ता सांगतो, कोणाला ते नाही. शेवटच्या वर्षाच्या, विषयाचं वेड असलेल्या पंधरा मुलांच्या वर्गात ए चा पाऊस पडणारच. पहिल्या वर्षाला सक्तीच्या, तीनशे जणांच्या कोर्सला सी दिसणारच. भाचीचं गणित चांगलं आहे. त्या तीनशेत ती कुठे बसते, हे तक्त्याला काय ठाऊक?

हे तिला सांगितलं. "हं," म्हणाली. काल मेसेज आला, स्टॅटिस्टिक्सच्या प्राध्यापकांना मेल टाकून जुने पेपर मागवलेत. कोर्स बदलायला अजून आठवडा आहे.

ताई, तू हे वाचत असशील तर तिला लगेच फोन करू नकोस. ठरवू दे तिचं तिला.