टाके सुबक पडले होते

कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की थेट करंगळीपर्यंत वीज धावते, हा अनुभव सगळ्यांना असतो. ती वीज म्हणजे अल्नर नर्व्ह. कोपराच्या आतल्या अंगाला ती जवळजवळ कातडीखालीच असते आणि तिथून मनगटावरून करंगळीत उतरते. मला हे तीन वर्षांपूर्वी माहीत नव्हतं. मी आपला सॉफ्टवेअरवाला, माझा हाताशी संबंध कीबोर्डपुरता!

झालं असं, की पावसजवळ माझ्या मामाची आंब्याची बाग आहे. एप्रिलमध्ये, ऐन हंगामात, मामेभावाची कोयती सटकली आणि कोपराच्या चार बोटं खाली आतल्या बाजूला बसली. जवळच्या एका दवाखान्यात नेलं. रक्त थांबवलं, टाके घातले. टाके इतके सुबक, की मामी येईल त्याला कौतुकाने दाखवायची. "शीर वगैरे काही तुटली नाही हो, बोटं हलतायत ना, मग झालं तर."

इथेच गोम आहे. आपल्याकडे रक्तवाहिनीलाही शीर म्हणतात, चेतातंतूलाही शीरच म्हणतात, आणि नस म्हटलं तर त्यात कंडरासुद्धा येते. रक्त थांबलं म्हणजे शीर शाबूत, असं सगळे समजून चालले. बोटं मिटवणारे बरेचसे स्नायू दुसऱ्या नर्व्हवर चालतात, त्यामुळे अल्नर तुटली तरी मूठ वळते. फसायला होतं.

जूनपर्यंत करंगळी आणि अनामिका आत वळायला लागल्या. भात कालवताना बोटांतून गळायचा म्हणून तो चमचा घेऊन बसायचा. आणि मग गावात कुजबुज सुरू झाली. बोटं अशी वळलेली आपल्याकडे लोकांनी एकाच रोगात पाहिलेली असतात. कुष्ठरोगाचे जंतू नेमके कोपरापाशी याच नर्व्हला गाठतात, म्हणून हात तसाच दिसतो. १९८१ पासून बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो, पण कुजबुज काही बरी होत नाही. लग्नाचं बघत होते त्याचं. एक स्थळ आलं आणि न बोलता परत गेलं.

शेवटी जुलैच्या पावसात आंबा घाटातून कोल्हापूर. तिथल्या सर्जनने आधी काय केलं, तर एक कागद दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीत धरायला सांगितला आणि ओढला. जखमी हाताचा अंगठा पेरातून वाकला. फ्रोमां नावाच्या फ्रेंच डॉक्टरची ही चाचणी, १९१५ सालची. खर्च शून्य! नंतर विजेची तपासणी झाली, पण निदान त्या कागदानेच केलं होतं.

आता गणित बघा. तुटलेली नर्व्ह जोडली की वरच्या टोकातून नवे तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात. जखमेपासून पंजातल्या स्नायूंपर्यंत पंचवीस-सव्वीस सेंटिमीटर, म्हणजे नऊ महिने. आणि संदेश न मिळालेला स्नायू वर्ष-दीड वर्षात कायमचा निकामी होतो. आमचे तीन महिने सुबक टाक्यांचं कौतुक करण्यात गेले होते.

म्हणून सर्जनने दोन कामं केली. पोटरीमागची एक संवेदनेची नर्व्ह काढून मधली फट भरली (पावलाच्या बाहेरच्या कडेला त्याला आता कळत नाही, ती किंमत). दुसरं काम मला फार आवडलं. तळहात पालथा करायला दोन स्नायू असतात. त्यातल्या मनगटाजवळच्या स्नायूची नर्व्ह कापून अल्नरच्या पंजाकडे जाणाऱ्या फांदीला जोडली. पालथं करायचं काम दुसरा स्नायू सांभाळतो, आणि पंचवीस सेंटिमीटरचा प्रवास आठ-दहावर येतो. सेंट लुईसच्या सुझन मॅकिनन यांनी असल्या जोडण्या रूढ करण्यात मोठा वाटा उचलला. आमच्या भाषेत याला वर्कअराउंड म्हणतात, आणि इतका सुंदर वर्कअराउंड मी उभ्या करिअरमध्ये लिहिलेला नाही.

मग मी रात्री जागून वाचत बसलो. शस्त्रक्रियेच्या वेळी तासभर सौम्य वीज दिली तर तंतू लवकर वाढीला लागतात, यावर कॅनडात टेसा गॉर्डन यांनी बरंच काम केलं आहे. कोलॅजेनच्या नळ्या निघाल्यात, छोट्या फटींसाठी. पॉलिएथिलीन ग्लायकॉल लावून तुटलेले तंतू जागच्या जागी सांधायचे प्रयोग उंदरांवर आणि मोजक्या माणसांवर झालेत. वाचताना अंगावर काटा येतो. पण पुढची ओळ वाचा: हे करायचं तर जखमेनंतर एक-दोन दिवसांतच, खालचे तंतू विरघळायच्या आत. म्हणजे जितका नवा उपाय, तितकी त्याला घाई. रत्नागिरीत पहिल्या दिवशी नर्व्ह तुटल्याचं कळलंच नाही, तर जगातला प्रत्येक नवा शोध आमच्यासाठी तीन महिने उशिरा लागलेला असणार.

एवढं होऊनही मी त्या दवाखान्याला शिव्या घालणार नाही. रात्रीची वेळ, बाहेर विंचू चावलेला एक, सर्पदंशाचा एक, हाताखाली एक सिस्टर. पण रत्नागिरीत २०२३ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. उद्या तिथे कुणी मायक्रोस्कोपची मागणी केली तर मी टाळ्याच वाजवीन. माझी मागणी त्याआधीची आणि फुकटची आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक ड्रेसिंगच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता लावा. भुलीचं इंजेक्शन देण्या*आधी* प्रत्येक बोटाच्या टोकाला स्पर्श करून विचारा, कळतंय का. बोटं फाकवायला सांगा. कागद धरायला सांगा. शंका आली तर जखम शिवा आणि त्याच आठवड्यात कोल्हापूर किंवा मुंबईला पाठवा. (आणि पेशंटच्या नातेवाइकांनो, डॉक्टर विसरले तर तुम्ही विचारा. आगाऊपणा वाटला तरी चालेल.)

मामेभावाने पुढचं वर्ष पेनाने काढलं. नर्व्हच्या वाटेवर टिचकी मारत खाली यायचं, जिथे करंगळीत झिणझिण्या उठतील तिथपर्यंत तंतू पोचलेत. तिथे हातावर खूण आणि कालनिर्णयवर तारीख. महिन्याला दीड-दोन बोटं. इतका हळू प्रोग्रेस बार मी आयुष्यात पाहिला नाही, पण तो कधी अडकला नाही. फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून दोनदा एसटीने रत्नागिरी, तेही भर पावसात.

आता बोटं फाकतात. करंगळी पूर्ण सरळ होत नाही, आणि थंडीत ठणकते. परवा मी उगाच पाकिटातून पावती काढून त्याच्या अंगठ्यात दिली आणि ओढली. अंगठा थोडासा वाकला, पण पावती फाटली.