खासदाराच्या मताची नोंद हवी

तीन कृषी कायद्यांवर आपल्या खासदाराने कोणत्या बाजूने मत दिले, हे निफाडच्या किंवा लातूरच्या शेतकऱ्याला आज शोधायचे असेल तर ते सापडणार नाही. संसदेच्या दफ्तरात ती नोंदच नाही. सप्टेंबर २०२०मध्ये लोकसभेने ती विधेयके आवाजी मतदानाने मंजूर केली. त्यांपैकी दोन २० सप्टेंबरला राज्यसभेत आली, तेव्हा ती प्रवर समितीकडे पाठवावीत या ठरावावर विरोधकांनी मतविभाजन मागितले. उपसभापती हरिवंश यांनी ते दिले नाही. सदस्य आपापल्या जागेवर नाहीत, असे त्याचे कारण सांगण्यात आले. प्रचंड गोंधळात, पुन्हा आवाजी मतदानानेच, दोन्ही विधेयके मंजूर झाली आणि दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. त्यांत महाराष्ट्राचे राजीव सातवही होते. पुढे शेतकरी वर्षभर दिल्लीच्या सीमांवर बसून राहिले, सर्वोच्च न्यायालयाने कायद्यांना स्थगिती दिली आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही सभागृहांनी चर्चेविना, काही मिनिटांत, हे कायदे मागे घेतले. तेही आवाजी मतदानाने. देशातल्या शेतीचे चित्र पालटू पाहणारे कायदे आले आणि गेले. ते कोणी आणले आणि कोणी घालवले, हे नावानिशी कुठेच लिहिलेले नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १००नुसार सभागृहातला निर्णय उपस्थित राहून मतदान करणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने होतो. बहुमत म्हणजे मोजदाद. आवाजी मतदानात मोजदाद होत नाही. ‘होय’ म्हणणारे आणि ‘नाही’ म्हणणारे यांच्यातला मोठा आवाज कोणाचा, हे पीठासीन अधिकारी ठरवतात. त्या निर्णयाला सदस्याने हरकत घेतली तर मतविभाजनाची घंटा वाजते, बटणे दाबली जातात आणि नावानिशी नोंद होते. पण लोकसभेच्या नियम ३६७मध्ये यालाही एक पळवाट आहे. मतविभाजन विनाकारण मागितले जात आहे असे अध्यक्षांना वाटले, तर ते सदस्यांना जागेवर उभे करून केवळ डोकी मोजू शकतात. अशा वेळी मत देणाऱ्यांची नावे नोंदवली जात नाहीत, असे नियमातच स्पष्ट लिहिले आहे. मागणी विनाकारण आहे की नाही, याचा निवाडा अध्यक्षांचा. मतदाराला इथे कोणी विचारत नाही.

हा दोष एका पक्षाच्या माथी मारून सुटका होणार नाही. १८ फेब्रुवारी २०१४ रोजी आंध्र प्रदेशच्या विभाजनाचे विधेयक लोकसभेत मंजूर झाले, तेव्हा सत्तेवर काँग्रेस होती आणि विधेयकाला भाजपचा पाठिंबा होता. एका राज्याची दोन राज्ये करण्याचा तो निर्णयही आवाजी मतदानाने झाला आणि त्या वेळी सभागृहातले थेट प्रक्षेपण बंद होते. आज मतविभाजन नाकारले म्हणून संतापणारे उद्या सत्तेत आले की तेच करतात, हा आपला अनुभव आहे.

नोंद झाली की काय फरक पडतो, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. सप्टेंबर २०२३मध्ये महिला आरक्षणाचे विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाले. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते, म्हणून मते मोजावीच लागली. विरोधातल्या दोन मतांपैकी एक असदुद्दीन ओवैसी यांचे आणि दुसरे तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांचे होते. आरक्षणात ओबीसी आणि मुस्लिम महिलांसाठी वेगळी तरतूद नाही, हे त्यांच्या पक्षाने दिलेले कारण. ते पटो वा न पटो, त्या मतदारसंघातल्या माणसाला आपला प्रतिनिधी कुठे उभा राहिला हे कळले आणि त्यावर त्याला जाब विचारता आला. नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाचे उदाहरण याहून बोलके आहे. ९ डिसेंबर २०१९ रोजी लोकसभेत ते ३११ विरुद्ध ८० मतांनी मंजूर झाले, त्या वेळी शिवसेना बाजूने होती. दोनच दिवसांनी राज्यसभेत १२५ विरुद्ध १०५ असा निकाल लागला, तेव्हा शिवसेनेचे सदस्य मतदानात नव्हते. राज्यात काँग्रेस आणि राष्ट्रवादीबरोबर सरकार येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. हा बदल पुसता येत नाही, कारण दोन्हीकडे मते मोजली गेली.

पक्षादेश असताना वैयक्तिक मताची नोंद घेऊन काय साधणार, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. १९८५च्या ५२व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार व्हिपविरुद्ध मत दिले किंवा मतदान टाळले तरी सदस्यत्व जाऊ शकते. दिनेश गोस्वामी समितीने १९९०मध्ये सुचवले होते, की अपात्रतेचा हा बडगा सरकारच्या अस्तित्वाचा प्रश्न असेल तेवढ्यापुरताच वापरावा. मनीष तिवारी यांनी अशाच आशयाचे खासगी विधेयक एकाहून अधिक वेळा मांडले. या सूचनेला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. पण पक्षादेश आहे म्हणून नोंद नको, हा तर्क उलटा आहे. व्हिप मोडणाऱ्याची किंमत त्याच नोंदीतून कळते. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले. तेव्हा नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी पक्षाचा आदेश डावलून सरकारविरुद्ध मत दिले आणि पक्षाने त्यांना काढून टाकले. त्यांचे मत चूक होते की बरोबर यावर आजही वाद घालता येतो, कारण ते मत कोणते होते हे माहीत आहे. डिसेंबर २०२४मध्ये ‘एक देश, एक निवडणूक’ विधेयक मांडताना २६९ विरुद्ध १९८ असे मतविभाजन झाले. व्हिप असूनही सत्ताधारी पक्षाचे काही खासदार गैरहजर होते, हे त्यामुळेच उघड झाले.

आपण खासदाराला मोजतो ते हजेरीवर, प्रश्नांच्या संख्येवर, चर्चेतल्या सहभागावर. संसदरत्न पुरस्कारांचाही भर यावरच असतो. कार्यकाळ संपताना निघणाऱ्या कार्यअहवालात वर्षाला पाच कोटींच्या खासदार निधीतून बांधलेले सभामंडप आणि उभे केलेले हायमास्ट दिवे छायाचित्रांसह येतात. सभामंडप नको असे कोणी म्हणणार नाही. पण आम्ही दिल्लीला जो माणूस पाठवतो, तो मुळात कायदे करण्यासाठी. त्या अहवालात पाच वर्षांत कोणत्या विधेयकावर काय मत दिले आणि का दिले याचे एक पानही नसते, आणि मतदारही ते मागत नाहीत. ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सने १८३६पासून मतविभाजनाच्या याद्या छापायला सुरुवात केली. अमेरिकेच्या राज्यघटनेने उपस्थितांपैकी एक पंचमांश सदस्यांना नावानिशी मतनोंदणी मागण्याचा हक्क दिला, आणि तिथे तो कोणत्याही अध्यक्षाच्या मर्जीवर अवलंबून नाही.

आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक विधेयकाच्या अंतिम मंजुरीला नावानिशी मतविभाजन सक्तीचे करावे आणि प्रत्येक सदस्याची मते मतदारसंघानुसार, मराठीसह सर्व भारतीय भाषांत जाहीर करावीत. त्याला घटनादुरुस्ती लागत नाही. अनुच्छेद ११८नुसार प्रत्येक सभागृह आपले नियम स्वतः करते, आणि मतनोंदणीचे यंत्र तर लोकसभेत १९५७पासून आहे. वेळ जाईल ही सबबही टिकत नाही, कारण आज मतविभाजनाला काही मिनिटेच लागतात. नियम बदलेपर्यंतही वाट पाहण्याचे कारण नाही. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ सदस्य आहेत. येत्या अधिवेशनात प्रत्येक विधेयकावर त्यांच्यापैकी एकाने तरी उभे राहून मतविभाजन मागावे, आणि ते नाकारले गेले तर ते कोणी, कोणत्या कारणाने नाकारले हे कामकाजात नोंदवून घ्यावे.