पडदा बोलतो, ऐकत नाही

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलुपे लागली तेव्हा धुळे जिल्हा अगदीच रिकाम्या हाताने उभा नव्हता. त्यापूर्वीच्या काही वर्षांत तेथील जिल्हा परिषदेच्या अकराशेच्या आसपास शाळा 'डिजिटल' झाल्या होत्या. मूळचे धुळ्याचे हर्षल विभांडिक यांच्या पुढाकाराने आणि गावोगावच्या लोकवर्गणीतून हे घडले होते. परंतु पडदे व प्रोजेक्टर शाळेच्या खोलीत आणि मुले घरी! भांडवल एकीकडे व उपभोक्ता दुसरीकडे, अशी ही विचित्र अवस्था होती. अखेर भिस्त राहिली ती घरातील एकुलत्या मोबाइलवर, आणि तोही अनेकदा बापाबरोबर शेतावर गेलेला.

शासनाने 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असा कार्यक्रम आखला. दीक्षा ॲप होते, बालभारतीची पुस्तके संगणकावर होती, जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिकाही सुरू झाली. या साऱ्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. एकदा तयार झालेला पाठ एका मुलाने पाहिला काय आणि लाखांनी पाहिला काय, निर्मितीचा खर्च तोच. परिसर अभ्यासातील माहिती या वाटेने बरीचशी पोहोचते. भाषेचे मात्र तसे नाही. पहिली-दुसरीतील मूल वाचायला शिकते ते मोठ्याने वाचून, अडखळून, आणि नेमक्या त्या क्षणी कोणीतरी सावरल्यामुळे.

खानदेशात तर हे अडखळणेही एकसारखे नसते. 'आहे'ला 'शे' म्हणणारे अहिराणी घरातील मूल, जळगावच्या पूर्वेकडील लेवा बोलीचे मूल आणि शिरपूर-चोपड्याकडील सातपुड्यातले पावरा मूल एकाच ओळीत निरनिराळ्या ठिकाणी थांबते. दूर शहरात तयार झालेल्या पाठाला हे कळावे कसे? ते कळते गावच्या गुरुजींना वा बाईंना. (जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव दिले गेले, त्यांच्या बोलीला पहिलीच्या वर्गात मात्र अजून अशुद्धच समजले जाते, हे जाता जाता.)

म्हणूनच भाषाशिक्षकाच्या हाती सर्वांत उपयुक्त साधन ठरते ते सर्वांत साधे. मुलाने उतारा वाचून आपला आवाज व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि शिक्षकाने तो ऐकून, लागल्यास त्याच्या बोलीत, उत्तर द्यायचे. हे सोयीच्या वेळी करता येते. बाप संध्याकाळी परतला तरी चालते. मात्र ते फुकट नाही. तीस मुले, प्रत्येकी दोन मिनिटे वाचन आणि दोन मिनिटे उत्तर धरले, तर रोजचे दोन तास होतात. पाठविलेल्या दुव्यांची संख्या अहवालात सहज भरता येते. या दोन तासांना तेथे रकाना नाही.

ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले, तरी पालकांचे व्हॉट्सॲप गट शाळांतून टिकून आहेत. जळगाव व धुळे येथील जिल्हा परिषदांनी आता ऐकण्याचा हा वेळ शिक्षकाच्या कामाच्या तासांत धरावा, त्यासाठी इतर माहिती भरण्याचे काम तेवढे कमी करावे, आणि इंटरनेटचा खर्च शाळेच्या अनुदानातून द्यावा.