‘बॉर्डर’वरची साखर

वसई-विरारमधील कुठल्याही कामगारवस्तीत जा. रक्त तपासून आलेला माणूस सांगतो, “साखर बॉर्डरवर आहे म्हणाले, घाबरायचे कारण नाही.” घाबरू नये हे खरे; पण करावे काय, हे त्याला कोणी सांगत नाही. रिपोर्ट रेशनकार्डाच्या पिशवीत जातो आणि माणूस पहाटेच्या विरार लोकलला लटकतो. आमचा आक्षेप या बेफिकिरीला आहे.

उपाशीपोटी साखर १०० च्या आत असली तर ठीक, १२६ वा अधिक आली तर मधुमेह. मधली १०० ते १२५ ही मधुमेहाची पूर्वावस्था. तीत काही दुखत नाही, खुपत नाही. पण हृदयविकाराचा व पक्षाघाताचा धोका तेव्हापासूनच वाढतो. काहींच्या डोळ्यांना, मूत्रपिंडांना, पायांच्या नसांनाही इजा सुरू होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही १० कोटी १० लाख, तर या उंबरठ्यावर उभे असलेले १३ कोटी ६० लाख!

हा पोट सुटलेल्या श्रीमंतांचा आजार, ही समजूत सोडून द्यावी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवले की, कमी वजनाच्या भारतीय बाळांच्या अंगातही चरबीचे प्रमाण जास्त असते आणि पुढे त्यांना मधुमेहाचा धोका राहतो. ज्या समाजातील आयाबायांनी पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहून लेकरे जन्माला घातली, त्याने ‘आम्ही तर सडपातळ’ म्हणून निर्धास्त राहावे काय? त्यात ताटात मुख्यतः रेशनचा तांदूळ-गहू, कामावर वडापाव आणि गोड चहा.

खुद्द बाबासाहेबांना मधुमेहाने पोखरले. दृष्टी मंदावली, पाय साथ देईनात. तरी ते लिहीत राहिले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी, वयाच्या अवघ्या ६५ व्या वर्षी, आपल्यातून गेले. या आजाराची किंमत आपल्या समाजाएवढी कोणी मोजली आहे?

मात्र हा उंबरठा ओलांडणे अटळ नाही. डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोक तीन वर्षांत मधुमेही झाले. आहार आणि चालण्याबाबत सतत पाठपुरावा झालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. म्हणजे उपदेश पुरत नाही, सोबत लागते.

ती सोबत कोणी द्यायची? तिशीपुढील प्रत्येकाची साखर तपासण्याचे शासनाचे धोरण आहे. २००९ मध्ये स्थापन झालेल्या वसई-विरार महानगरपालिकेने ते वस्तीत आणावे. पहाटे जाऊन रात्री परतणाऱ्या कामगारासाठी रविवारी सकाळी उपाशीपोटी तपासणी ठेवावी, ‘बॉर्डर’वरच्यांची नोंद करावी, त्यांना पुन्हा बोलवावे. नालासोपाऱ्यात १८८२ साली ज्या सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला, त्याने दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्याही औषधोपचाराची व्यवस्था नोंदवली आहे. आजच्या लोकनियुक्त सत्तेला एवढेही जमू नये?

आणि आपण? भात कमी, डाळ-पालेभाजी जास्त. चहातली साखर आणि तंबाखू बंद. रोज अर्धा तास चालणे. वर्षातून एकदा तपासणी. येत्या जयंतीच्या वर्गणीतून डीजेऐवजी विहारात तपासणी शिबिर घ्या. बाबासाहेबांची चळवळ पुढे न्यायला माणसे जगली पाहिजेत, धडधाकट जगली पाहिजेत.