सातेरीची घरझाडणी

गेल्या माघांत आमच्या पुतण्यानें देवळाली प्रवऱ्यास बियाण्याच्या कांद्याजवळ इटालियन मधमाश्यांच्या दोन पेट्या ठेविल्या. फुलोरा झडेपर्यंत एक खंगली. पाहतां कोशांच्या अंगास राईहून लहान, तांबूस, चपटे कीटक! हीच व्हरोआ.

“काका, बांधावरच्या सातेरीला हें कां होत नाहीं?”

होतें, पण ती पुरून उरते. हा कीटक मूळचा तिच्याच जातीचा. १९०४ सालीं औदेमान्स या डच शास्त्रज्ञानें जावांतील अशाच माश्यांवरील त्याच्या जातभाईचें वर्णन केलें. दीर्घ सहवासानें सातेरी अंगावरचे कीटक टिपावयास व बाधलेली अळी बाहेर टाकावयास शिकली. कीटकाची वीण बहुधा नरांच्याच घरांत होते, आणि नर ठराविक दिवसांतच निपजतात. इटालियन माशीस ही ओळख गेल्या शतकांतली.

१९६४ सालीं अमेरिकेंत रॉथेनब्युलरनें अळ्या सडण्याच्या रोगावर प्रयोग केले. घराचें झांकण उघडणें व मेलेली अळी काढणें हे दोन निराळे आनुवंशिक गुण त्यास आढळले. कांहीं माश्या झांकण उघडून स्वस्थ बसत. कांहीं, दुसऱ्यानें उघडून दिलें तरच अळी काढीत. (अशीं माणसें कोणत्या एकत्र कुटुंबांत नाहींत?) पुढें हिशेब याहून गुंतागुंतीचा ठरला. शिवाय राणी अनेक नरांशीं संग करते. एकाच पेटींत अनेक बापांच्या लेकी, त्यामुळें निवडलेला गुण पुढील पिढींत टिकविणें कठीण.

सातेरी मध थोडा देते, रुसली तर पेटी सोडून जाते, हें पुतण्यास सांगितलें. त्यानें सुताराकडे पेटी सांगितलीच आहे.